डॉक्टरकाका, एक विचारू? : वजनाचं इंजेक्शन, सिकलसेलची जीन थेरपी आणि डुकराची किडनी

या महिन्यात पत्रांचा ढीग जरा जास्तच आलाय, आणि गंमत म्हणजे साधं सर्दी-खोकल्याचं कोणी विचारतच नाहीये. सगळ्यांनी मोबाईलवर काहीतरी नवीन वाचलंय, कोणाच्या तरी मेहुण्याने फॉरवर्ड केलंय, आणि मग "डॉक्टरकाका हे खरंय का" म्हणून माझ्याकडे. मी पंचवटीत चाळीस वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काढली, आता दवाखाना सूनबाई बघते, मी सकाळी गोदाकाठी चक्कर मारून आलो की चहा घेऊन तुमची पत्रं वाचत बसतो. नावं छापत नाही, आपलं ठरलंय तसं. आणि मी इथे लिहितो ते तुमच्या डॉक्टरांना जाऊन काय विचारायचं एवढ्यासाठीच, मला तुमची नाडी काही इथून लागत नाही.

"वय ४४, वजन ८९ किलो, उंची पाच फूट दोन इंच. मुलीचं लग्न तीन महिन्यांवर आलंय. माझ्या नणंदेने ते आठवड्याला एक घ्यायचं इंजेक्शन घेतलं आणि ओळखू येईना इतकी बारीक झाली. जिमचा ट्रेनर म्हणतो मी आणून देतो, चिठ्ठीबिठ्ठी काही लागत नाही. मला शुगर नाही, बीपीची गोळी चालू आहे. घेऊ का? आणि एकदा सुरू केलं की आयुष्यभर घ्यावं लागतं का?" (इंदिरानगर)

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न खरा तर पहिला पाहिजे होता. त्यावर येतोच.

आधी हे इंजेक्शन म्हणजे काय ते ऐका. आपण जेवलो की आतड्यातनं जीएलपी-१ नावाचं एक हार्मोन सुटतं, ते मेंदूला सांगतं की बास आता, आणि पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं. पण आपलं स्वतःचं हे हार्मोन रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर म्हणून एक विषारी पाल आहे, तिच्या विषात याच्यासारखंच पण जास्त टिकणारं द्रव्य सापडलं आणि त्यावरून शुगरचं पहिलं औषध २००५ साली आलं. पुढे लोकांनी त्यात सुधारणा करत करत आठवडाभर टिकणारं सेमाग्लुटाइड बनवलं. शुगरसाठी ओझेंपिक, वजनासाठी वेगोवी, आत औषध एकच. मौंजारो हे त्याच्या पुढचं, त्यात दोन हार्मोन्सचं काम एकत्र आहे. आपल्याकडे मौंजारो मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोवी जूनमध्ये, आणि मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं आपल्याकडचं पेटंट संपलं म्हणजे देशी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला. म्हणून तर तुमच्या जिमपर्यंत पोचलंय.

काम करतं का? करतं. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, नुसतं पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांचं अडीच टक्क्यांच्या आतबाहेर. मी इतकी वर्षं वजनाच्या औषधांना हसत आलो, याला नाही हसत.

आणि एक कबुली देतो. वीस-पंचवीस वर्षं माझ्यासमोर बसलेल्या बायकांना मी म्हणत आलो, "तोंडावर ताबा ठेवा". वजन उतरलं नाही की मनात म्हणायचो, घरी जाऊन खात असणार. आता हे औषध घेतलेले पेशंट सांगतात की डॉक्टर, आयुष्यात पहिल्यांदा डोक्यातला खाण्याचा विचार थांबला, फ्रिज हाक मारत नाही. म्हणजे काहींच्या डोक्यात ती हाक सतत चालू होती, माझ्या डोक्यात नव्हती, आणि मी माझ्या नसलेल्या भुकेचं श्रेय स्वतःच्या निग्रहाला देत होतो. त्या सगळ्या बायकांची माफी मागायला हवी मी.

बरं, तुमचं. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) मी काढला, ३६ च्या आसपास येतो, वर बीपी, त्यामुळे औषध तुम्हाला लागूच पडत नाही असं अजिबात नाही. ज्यांना चार किलो कमी करून साडी नीट बसवायची असते त्यांच्यातल्या तुम्ही नाही. पण लग्नाचा हिशेब जमत नाही. हे औषध पाव मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि चार-चार आठवड्यांनी डोस चढवत जातात, वजनाच्या पूर्ण डोसला पोचायलाच सोळा आठवडे लागतात. तुमच्याकडे आहेत बारा. आणि मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ हे सगळं नेमकं डोस चढवताना जास्त होतं. म्हणजे विहीणबाईंना पंगतीत आग्रह करताना तुमचं स्वतःचं लक्ष बेसिनकडे. ट्रेनर घाई करून मोठा डोस देईल तर आणखी वाईट, आणि त्याच्याकडचं इंजेक्शन फ्रिजमध्ये होतं की स्कूटरच्या डिकीत, मुळात आत औषध आहे की नाही, कोण सांगणार. नकली सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये इशारा दिलेला आहे. त्याच्याकडून घेऊ नका, हे मी फिरवून सांगत नाही.

आता आयुष्यभराचं. ज्यांनी ६८ आठवड्यांनी इंजेक्शन थांबवलं त्यांचं उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. त्यात नवल काही नाही, बीपीची गोळी सोडली की बीपी वर जातंच की, तेव्हा कोणी म्हणत नाही गोळी फसवी होती. पण मग बीपीच्या गोळीसारखाच विचार करायला हवा ना, की मला हे पाच-दहा वर्षं परवडेल का, कंटाळा आला तर काय, दहा-पंधरा वर्षांनी याचं काय होतं हे या नव्या औषधांबाबत अजून दिसायचंच आहे ते चालेल का. नणंदबाईंना विचारा, त्यांनी थांबवलंय की चालू आहे.

आणि उतरतं ते सगळं चरबीचंच नसतं, स्नायूही जातात. इंजेक्शन घेऊन नुसता एक वाडगा सूप पिऊन राहणाऱ्या बायका मी पाहिल्यात, वजन उतरतं पण जिना चढताना धाप लागते. मटकी, डाळ, ताक, पनीर, चालत असेल तर अंडी, आणि आठवड्यातनं दोन-तीनदा तरी वजन उचलायचा व्यायाम. कृषीनगरच्या ट्रॅकवर गप्पा मारत फिरणं चांगलंच, पण त्याने दंड-मांड्या टिकत नाहीत.

एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे तज्ज्ञ) किंवा चांगला एमडी गाठा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा : घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का (मेड्युलरी नावाच्या एका प्रकारात हे देत नाहीत), स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं की हे चालू आहे, कारण रात्रीपासून उपाशी असलात तरी पोट रिकामं असेलच असं नाही. लग्न आहे त्या वजनात उरका, फोटो चांगलेच येतील. सुरू करायचं तर नंतर, सावकाश.

"गावात टीबीची गाडी आली होती, हातातल्या छोट्या मशीनने एक्सरे काढला, कॉम्प्युटरने लगेच 'संशयित' म्हणून सांगितलं. आमचे डॉक्टर म्हणतात थुंकी तपासू मग बघू. कॉम्प्युटर खरा की डॉक्टर?" (निफाड तालुका)

दोघंही. एक्सरे वाचायला एआय वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२१ मध्ये मान्यता दिली, पंधरा वर्षांपुढच्या लोकांसाठी, कारण खेड्यात एक्सरे वाचणारा रेडिओलॉजिस्ट मिळत नाही. पण ती चाळणी आहे. जुना डाग, लहानपणीचा न्यूमोनिया, यावरही ती अडकवते. थुंकीची नॅट तपासणी टीबी आहे का ते सांगते आणि नेहमीचं मुख्य औषध चालणार का तेही. उद्या सकाळी उठल्यावरची थुंकी द्या, खोकून काढलेली, नुसती लाळ नको.

"मी सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत शिक्षक आहे. आठवीतल्या एका मुलाला सिकलसेल आहे, एसएस. थंडीत हातपाय इतके दुखतात की रात्रभर रडतो. पेपरात वाचलं की जीन बदलून हा आजार कायमचा बरा होतो आणि भारतातही ते औषध निघालंय. त्याचे वडील द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जातात, मला विचारतात गुरुजी किती पैसे लागतील. काय सांगू?"

गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग दुसरं काही वाचलं नाही त्या दिवशी.

आधी माझं सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला पेठकडचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, हातपाय दुखतात, मी त्याला वाताचा आजार म्हणून दोन वर्षं गोळ्या दिल्या. दोन वर्षं. मग एका तरुण पॅथॉलॉजिस्टने स्लाइड बघून फोन केला, अहो याच्या पेशी कोयत्यासारख्या वाकलेल्या दिसतायत. त्या पोराने कितीवेळा ती कळ सोसली असेल याचा हिशेब माझ्याकडे नाही.

आता विज्ञानाचं. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एक, फक्त एक अक्षर चुकलेलं असतं. त्याने ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी वाकडी आणि कडक होते, बारीक नसांत अडकते, तिथे कळ. हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतला आहे हे १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. आपल्याकडे १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार नोंदला गेला. आणि जीनमध्ये बदल करणारा पहिला उपचार, कॅसजेव्ही, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्य केला. कारण कळल्यापासून इथपर्यंत ७४ वर्षं. या आजाराचे बहुतेक पेशंट काळे किंवा आदिवासी नसते तर इतकी लागली असती का, असं मला नेहमी वाटतं.

या उपचारात ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाहीत, हे फार थोड्यांना माहीत असतं. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते जन्मानंतर हळूहळू बंद होतं. क्रिस्पर नावाची जीन कापणारी कात्री वापरून तो बंद करणारा ब्रेक तोडतात, मग पोटातलं जुनं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं आणि ते वाकडं होत नाही. मान्यतेच्या वेळी ज्या ३१ पेशंटचा पुरेसा काळ हिशेब ठेवता आला त्यातल्या २९ जणांना सलग वर्षभर तरी मोठी कळ आली नाही. हे फार मोठं आहे, कमी लेखू नका.

पण त्यासाठी काय करावं लागतं? मुलाच्या रक्तातल्या मूळ पेशी काढायच्या, दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायच्या, त्या तयार होऊन आल्या की कॅन्सरला देतात तसली जबर केमोथेरपी देऊन त्याची अस्थिमज्जा रिकामी करायची, मग नव्या पेशी सोडायच्या, आणि त्या रुजेपर्यंत अनेक आठवडे काचेच्या खोलीत. या केमोने पुढे मूल न होण्याचा धोका असतो. आठवीतल्या पोराला हे कोणी समजावायचं, सही त्याच्या वडिलांची घ्यायची पण नपुंसक होईन का असं जर त्याने विचारलं (होणार नाही, ते वेगळं, मूल न होणं वेगळं) तर त्याच्या भाषेत कोण बोलणार? किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर, म्हणजे आपले अठरा-वीस कोटी. वडिलांना हा आकडा सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगितला असता, लपवल्याने माणूस भलत्याच भोंदूकडे जाऊन शेत विकतो.

पेपरात वाचलेलं भारतातलं म्हणजे बिरसा १०१. दिल्लीच्या सीएसआयआरच्या आयजीआयबी संस्थेने बनवलेलं, नाव बिरसा मुंडांचं, नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं आणि पुढचं काम पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे दिलंय. हेतू हाच की ते आपल्याला झेपेल अशा खर्चात यावं. पण जाहीर होणं वेगळं आणि सुरगाण्याच्या मुलाला मिळणं वेगळं, मधे चाचण्यांची वर्षं असतात. आशा ठेवा, तारीख सांगू नका.

आता जे आज हातात आहे ते सांगतो, आणि हेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल आहे, काही रुपयांची. अमेरिकेत सिकलसेलसाठी तिला १९९८ मध्येच मान्यता मिळाली. आणि मजा बघा, ती काय करते? तेच पोटातलं हिमोग्लोबिन थोडंफार वाढवते. म्हणजे वीस कोटींचा उपचार आणि ही कॅप्सूल, दोघं एकाच दाराला धक्का देतात, एक दार तोडून टाकतो, दुसरी रोज थोडं ढकलून ठेवते. रोज घेतली तर कळांची संख्या कमी होते, रक्त चढवायची वेळ कमी येते. पण रोज. आणि मधूनमधून रक्ताचे काउंट तपासायचे. माझा अनुभव असा की औषध सरकारी यादीत असतं, कागदावर असतं, आणि नेमकं पोरगं सुट्टीवरून हॉस्टेलला परत येतं तेव्हा गोळ्या घरी राहिलेल्या असतात किंवा केंद्रावर संपलेल्या असतात. तुम्ही फक्त एवढं करा, त्याच्या गोळ्यांचा डबा अधीक्षकांच्या कपाटात आणि रोज रात्री जेवणानंतर तुमच्यासमोर. आठ दिवसांच्या राहिल्या की पीएचसीला फोन.

थंड पाण्याची आंघोळ बंद, कोमट पाणी, स्वेटर. पाण्याची बाटली बाकावर, लघवीला सोडायचं त्याला कधीही, हात वर केला की. पीटीला उन्हात उभं करायचं नाही. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखलं, धाप लागली, किंवा हातापायातली ताकद गेली तर सकाळची वाट न बघता गाडी काढायची. लसी पूर्ण आहेत का बघा, न्यूमोकोकलची विशेष. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल धरलेला आहे, सिव्हिलमधून प्रमाणपत्राची चौकशी करा, परीक्षेत सवलत आणि शिष्यवृत्तीला उपयोगी पडू शकतं.

तुम्ही शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की वर्गातल्या काही मुली एएस निघाल्यात आणि गावात कुजबुज चालू आहे. एएस म्हणजे आजारी नाही, वाहक. दोन एएसचं लग्न झालं तर दर बाळंतपणात एसएस, म्हणजे आजार असलेलं मूल व्हायची शक्यता चारात एक. एवढंच. एएस मुलीने एए, म्हणजे हा जीन नसलेल्या मुलाशी लग्न केलं तर एसएस मूल होत नाही. देशभर २०२३ पासून मोहीम चालू आहे, चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलंय, चांगलीच गोष्ट आहे, पण कार्ड फक्त मुलींचं बघणार आणि मुलाला विचारणारच नाही असं झालं तर त्या कार्डाने नवीनच दुखणं आणलं म्हणायचं. वर्गात मुलामुलींना एकत्र बसवून शिकवा, फळ्यावर चौकट काढून. आणि जीन थेरपी झालेल्या माणसाच्याही पुढच्या पिढीत हा जीन जातो बरं का, कारण बदल फक्त रक्ताच्या पेशींत असतो. गर्भातच बदल करायचा उद्योग २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई या शास्त्रज्ञाने केला, जुळ्या मुली जन्मल्या, आणि या शास्त्रज्ञाला तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. ते दार जगाने सध्या तरी बंद ठेवलंय, आणि ठेवावं.

"आयआयटी मुंबईने कॅन्सरवर स्वस्त उपचार काढलाय म्हणे, बायकोला ब्रेस्ट कॅन्सर आहे, चालेल का?" (सिडको)

नाही चालणार, आणि आशा लावून ठेवत नाही म्हणून सरळ सांगतो. ते नेक्सकार१९, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचं, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पेशंटच्याच टी-पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) शिकवून परत सोडतात. पण त्या बी-पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरलाच ओळखतात, काही लिम्फोमा आणि ल्युकेमिया. "स्वस्त" म्हणजे सुद्धा अमेरिकेतल्या तीन-चार कोटींच्या मानाने, इथे चाळीस-पन्नास लाखांच्या घरात. वहिनींच्या गाठीचा हर-टू आणि हार्मोन रिसेप्टरचा रिपोर्ट घेऊन बसा डॉक्टरांसमोर, त्यांच्या उपयोगाचं नवीन जे असेल ते त्या कागदावरून कळेल.

"सुनेला आठवा महिना लागलाय. सोनोग्राफीच्या वेटिंगमध्ये टाय लावलेला मुलगा भेटला, बाळाच्या नाळेतलं रक्त ७५ वर्षं साठवून ठेवा, जैविक विमा आहे म्हणतो. हप्त्याने पैसे. मुलगा म्हणतो एकच नातू होणार, कशाला कंजूषी." (नाशिकरोड, होणारे आजोबा)

आजोबा, त्या मुलाला चहा पाजा आणि पाठवून द्या. नाळेच्या रक्तात मूळ पेशी असतात हे खरं, १९८८ मध्ये पॅरिसला त्यातनं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट झालं हेही खरं. पण ते रक्त कोणाचं होतं? पेशंटचं स्वतःचं नव्हतं, बहिणीचं होतं. इथेच सगळी गोम आहे. नातवाला उद्या थॅलेसेमिया किंवा सिकलसेल निघाला तर त्याच्या स्वतःच्या नाळेतही तोच चुकलेला जीन असणार, ते परत घालून काय मिळणार? म्हणून आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, स्वतःच्या वापरासाठी खासगी बँकेत साठवायची शिफारस करत नाही. अपवाद एकच, घरात मोठ्या मुलाला असा आजार आहे आणि धाकट्याचं रक्त त्याला जुळू शकतं, तर हिमॅटॉलॉजिस्टला (रक्ताच्या आजारांचे तज्ज्ञ) विचारून ठेवा.

विमा म्हणाला ना तो, विमा पाहिजे तर त्या पैशात एक साधी आरोग्य पॉलिसी निघते. आणि खरी गोष्ट अशी की ते रक्त साठवायला नेण्याआधी बाळालाच जाऊ द्या. नाळ लगेच न कापता किमान एक मिनिट थांबलं तर बाळाला जास्तीचं रक्त मिळतं, पुढचे काही महिने लोह पुरतं. याला पैसे पडत नाहीत म्हणून याचा एजंट वेटिंगमध्ये बसत नाही. सुनेच्या डॉक्टरांना फक्त विचारून ठेवा.

"धाकटा भाऊ डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा. अमेरिकेत डुकराची किडनी माणसाला बसवली म्हणे. आमच्या घरात वारकरी, माळकरी माणसं, आई म्हणते मेला तरी चालेल पण डुकराचं नको. तुमचं मत?" (सिन्नर)

तुमच्या आईंना आत्ता हा वाद घालायची गरजच नाही, कारण आपल्याकडे ती मिळत नाहीये. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला ६२ वर्षांच्या रिक स्लेमन यांना जनुकांत ६९ बदल केलेल्या डुकराची किडनी बसवली, दोन महिन्यांनी ते गेले, किडनीमुळे गेले असं डॉक्टर म्हणत नाहीत. नंतर टिम अँड्र्यूज यांच्या शरीरात अशीच किडनी २७१ दिवस चालली, मग काढावी लागली. पुढे सरकतंय, पण अजून प्रयोगच आहे. आणि तुम्हाला माहितेय का, भारतात आसामच्या डॉ. धनीराम बरुआ यांनी १९९७ मध्येच डुकराचं हृदय माणसाला बसवलं होतं. पेशंट आठवड्यात गेला, डॉक्टरांना अटक झाली. परवानगी न घेता जिवंत माणसावर प्रयोग केला हे चूकच, त्यांना दूरदृष्टीचे म्हणून आता डोक्यावर घेणाऱ्यांशी माझं जमत नाही.

राहिला बाटायचा प्रश्न. डायलिसिसच्या मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, ते बहुतेक वेळा डुकराच्या आतड्यातनं काढलेलं असतं. १९८२ च्या आधी शुगरवाल्यांना इन्सुलिन डुकराचं नाहीतर गाईचं मिळायचं, मी स्वतः टोचलंय, माळकऱ्यांनाही. हे आईंना सांगा असं म्हणत नाही. तुम्हाला माहीत असावं इतकंच, म्हणजे ती वेळ आलीच तर भावाला विचाराल, कारण शरीर त्याचं आहे, माळ त्याच्याही गळ्यात आहे.

पण मला पत्रात एक दिसलं नाही. घरातल्या कोणाची रक्तगटाची तरी तपासणी झालीय का? तुम्ही मोठे भाऊ, तुमची? १९९४ च्या कायद्याने जवळचे नातेवाईक देऊ शकतात, रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या जोडीशी अदलाबदलही करता येते. आणि मेंदूमृत दात्याची किडनी मिळायच्या प्रतीक्षायादीत भावाचं नाव घातलंय का? डुकराचं नंतर बघू. बहुतेक घरांत किडनी द्यायला आई नाहीतर बायको पुढे येते आणि भाऊ पत्रं लिहितात, रागावू नका, पाहिलेलं सांगतो.

"वडील ७६, नोटप्रेसमधून रिटायर. दोन वर्षांपासून विसरतात, परवा जेलरोडवरून घर सापडेना. धाकटा भाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो अल्झायमरचं इंजेक्शन आलंय, बाबांना तिकडे नेतो. नेऊ द्यावं का? आई घाबरलीय." (जेलरोड)

भाऊ म्हणतो ते लेकानेमॅब असावं, २०२३ मध्ये तिकडे पूर्ण मान्यता मिळाली. मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन ते साफ करतं, चांगलं करतं. पण विसरणं परत येत नाही, घसरण मंदावते. दीड वर्षात २७ टक्के मंदावली असं छापून येतं. तो आकडा १८ गुणांच्या मोजपट्टीवर अर्ध्या गुणाच्याही आत येतो, घरच्या माणसाला तो फरक जाणवेल का यावर डॉक्टरांतच भांडण आहे. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून, वारंवार एमआरआय, आठातल्या एकाला मेंदूला सूज दिसते, बहुतेकांची आपोआप उतरते पण काहींना रक्तस्राव झालाय. आणि ते अगदी सुरुवातीच्या टप्प्यालाच. रोजचा रस्ता चुकणारा माणूस त्यात बसेल का, मला शंका आहे.

त्याआधी इथेच करण्यासारखं बरंच राहिलंय असं पत्रावरून वाटतं. बी-१२ आणि थायरॉइड पाहिलंत? शाकाहारी आहेत म्हणता, बी-१२ पडलेलं असू शकतं. ऐकू कमी येतं का, झोपेची गोळी घेतात का, दोस्त गेल्यापासून गप्प झालेत का? यातलं काही निघालं तर सुधारणा त्या महागड्या इंजेक्शनपेक्षा जास्त दिसेल. न्यूरोलॉजिस्टकडे एमआरआय एकदा होऊन जाऊ दे.

आणि बाबा चांगल्या मूडमध्ये असतात ना, सकाळी दहा-अकराला बहुधा, तेव्हा त्यांना विचारा. पुढे गिळता येईनासं झालं तर नळी घालायची का, व्हेंटिलेटर लावायचं का. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे लिहून ठेवायचा अधिकार मान्य केला, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. पण लिहिणाऱ्याला समजत असलं पाहिजे, म्हणून हे या वर्षात करायचं, तुमचा भाऊ येतोय तेव्हाच, दोघांनी समोर बसून. आईंनाही बसवा. बाबांच्या शर्टाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि जेलरोडच्या रिक्षा स्टँडवर दोघा-तिघांना सांगून ठेवा, हे आजच.